अक्रोड खाऊन स्मरणशक्ती दुप्पट? एका फॉरवर्डची उलटतपासणी

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. शीर्षक दरवेळी थोडं वेगळं, मजकूर तोच. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला पोसतो. माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी आकलन वाढतं. मेंदू साखरेवर चालतो, तेव्हा पेपरआधी ग्लुकोज घ्या. एरवी मात्र साखर देऊ नका, मुलं चंचल होतात. नाश्ता केला की एकाग्रता वीस टक्क्यांनी वाढते. रात्री जागायचं असेल तर कॉफी. पाणी भरपूर. आणि हे सगळं 21 दिवस पाळलं की स्मरणशक्ती दुप्पट. शेवटी ठरलेली मोहोर: ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे.’ कुठल्या शास्त्रज्ञांनी आणि कधी, याचा पत्ता नाही.

मेसेज धादांत खोटा असता तर दुर्लक्ष केलं असतं. अडचण अशी की बहुतेक मुद्द्यांत थोडं खरं आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचं खपवलं आहे. मुळात गल्लत एकच आहे. आहारात कशाची तरी उणीव असेल आणि ती भरून निघाली, तर अभ्यासात फरक पडतो, कधी कधी चांगलाच पडतो. पण उणीव नसलेल्या मुलाला तोच पदार्थ दुप्पट दिला म्हणून त्याची बुद्धी दुप्पट चालत नाही. मेसेज या दोन गोष्टी एकच समजतो. आता एकेक मुद्दा घेऊ.

‘अक्रोड मेंदूसारखा दिसतो.’ दिसतो खरा. वनस्पतीचा आकार शरीराच्या ज्या अवयवासारखा, त्या अवयवावर ती औषध, ही कल्पना युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याच्या काळापासून चांगलीच रुजली होती. आकारच बघायचा तर फ्लॉवरचा गड्डा अक्रोडापेक्षा कितीतरी जास्त मेंदूसारखा दिसतो, पण परीक्षेच्या काळात कुणी मुलांच्या मागे फ्लॉवर घेऊन धावताना दिसत नाही.

आकार सोडा, परिणाम बघा. बार्सिलोनातल्या बारा शाळांमध्ये 11 ते 16 वर्षांच्या सातशेहून अधिक मुलांवर एक चाचणी झाली. एका गटाने सहा महिने रोज 30 ग्रॅम अक्रोड खायचे, दुसऱ्याने नेहमीचाच आहार ठेवायचा. 2023 मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गट पूर्ण धरले तर स्मरणशक्ती, एकाग्रता, तर्कबुद्धी यांत दखल घ्यावा असा फरक नव्हता. ज्यांनी खरोखर नियमाने अक्रोड खाल्ले, त्यांच्या एकाग्रतेत थोडी सुधारणा दिसली, आणि बातम्यांनी नेमकं तेवढंच उचललं. पण सहा महिने नेमाने अक्रोड खाणारं मूल इतरही अनेक बाबतींत नेमाचं असू शकतं. तेव्हा श्रेय अक्रोडाचं की स्वभावाचं, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. ज्येष्ठांवर झालेल्या दोन वर्षांच्या मोठ्या चाचणीतही 2020 मध्ये असंच समोर आलं: एकंदरीत फरक नाही. अक्रोड हा उत्तम खाऊ आहे, जरूर खावा. तो अभ्यास करून देईल, ही अपेक्षा ठेवू नये, इतकंच.

‘माशाच्या तेलाच्या गोळ्या.’ मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाचं ओमेगा-3 मेदाम्ल भरपूर असतं, हे खरं. अक्रोड आणि जवसात मात्र ओमेगा-3 चा वेगळा प्रकार असतो आणि शरीर त्यातला फारच थोडा भाग डीएचएमध्ये बदलू शकतं. म्हणून मेसेज गोळ्यांकडे वळतो. 2006 मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यात सुमारे पाच हजार परीक्षार्थींना अशा गोळ्या देण्याचा घाट घातला गेला. गाजावाजा प्रचंड झाला, पण तुलनेसाठी खोट्या गोळ्या घेणारा गटच ठेवला नव्हता. परीक्षेच्या वर्षात मुलं एरवीही जास्त अभ्यास करतात, मग गुण वाढले तर ते गोळीने की अभ्यासाने, हे कळणार कसं?

नीट चाचणी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केली. 7 ते 9 वर्षांची, वाचनात मागे असलेली मुलं निवडली. 2012 मध्ये पूर्ण गटात फायदा दिसला नाही, फक्त सर्वांत मागे असलेल्या मुलांमध्ये दिसला. तो खरा आहे का हे तपासायला त्यांनी तशाच मुलांवर प्रयोग पुन्हा केला, आणि 2018 मध्ये स्वतःच सांगितलं की या खेपेला फायदा आढळला नाही. असा प्रामाणिकपणा फॉरवर्ड होत नाही.

‘मेंदू साखरेवर चालतो.’ हा मुद्दा सर्वांत पटणारा, म्हणून सर्वांत फसवा. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण स्वस्थ बसलेलं असतानाही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो खातो. प्रौढ माणसाच्या मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणून ते चमच्याने ओतावं का? नाही. जे अन्न आपण खातो, त्यातल्या पिष्टमय पदार्थांचं ग्लुकोजच होतं. यकृत त्याचा साठा करून ठेवतं आणि गरजेप्रमाणे सोडतं, रक्तातली पातळी ठरावीक मर्यादेत राहते. निरोगी मुलाच्या मेंदूला पेपर लिहिताना टंचाई पडत नाही, त्यामुळे जादा ग्लुकोजने त्याची गाडी पळत नाही. 2019 मध्ये 31 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा साखरेने तरतरी येते याला पुरावा मिळाला नाहीच, उलट पहिल्या तासाभरात थकवा वाढलेला आणि सावधपणा घटलेला दिसला. (मधुमेह असलेल्या मुलांचं गणित वेगळं आहे. त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ग्लुकोज जवळ ठेवावंच.)

गंमत म्हणजे साखरेने मुलं चंचल होतात, हा त्याच मेसेजमधला दुसरा दावाही टिकत नाही. 1994 मध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. ‘आमच्या मुलाला साखर सोसत नाही, लगेच उधळतो,’ असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे 5 ते 7 वर्षांचे मुलगे बोलावले. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं, कृत्रिम गोडीचं पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. मग आई आणि मूल यांना एकत्र खेळायला सोडून चित्रीकरण केलं. साखर दिली असं समजणाऱ्या आयांनी आपली मुलं जास्त चंचल असल्याचं नोंदवलं. त्या मुलाला चिकटून बसल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. मुलांच्या पोटात साखरेचा कणही नव्हता. पुढच्याच वर्षी 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही मुलांच्या वागण्यावर किंवा बौद्धिक कामगिरीवर साखरेचा परिणाम आढळला नाही. दात आणि वजन यांसाठी साखर कमी करा, त्याला माझी ना नाही. ग्लुकोजचा पुडा आणि साखरेची भीती एकाच मेसेजमध्ये सुखाने नांदतात, याचं मात्र नवल वाटतं.

‘नाश्त्याने एकाग्रता वीस टक्क्यांनी वाढते.’ हा आकडा मेसेजमध्ये कुठून आला ते ठामपणे सांगता येणार नाही, पण अगदी असाच आकडा एका जाहिरातीत होता आणि त्याची रीतसर चौकशी झाली. केलॉग कंपनीने अमेरिकेत फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्स या नाश्त्याच्या सिरियलची जाहिरात केली: मुलांची एकाग्रता जवळपास 20 टक्क्यांनी वाढते, वैद्यकीय चाचणीत दिसलं आहे. अभ्यास झालेला होता, पण कंपनीनेच करवून घेतलेला. त्यात तुलना कुणाशी होती? सकाळी फक्त पाणी प्यायलेल्या मुलांशी. उपाशी मुलापेक्षा जेवलेलं मूल बरं, एवढंच त्यातून निघू शकत होतं. तेही धड निघालं नाही. तीन तासांनंतर सिरियल खाल्लेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांतच काही सुधारणा दिसली, आणि 20 टक्के किंवा त्याहून जास्त सुधारणा झालेली मुलं नवांत एक! 2009 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि कंपनीला असे दावे थांबवायला लावले. जाहिरात गेली. असे आकडे जात नाहीत, ते नाव-गाव टाकून हिंडत राहतात.

मग नाश्त्याला अर्थच नाही का? आहे, पण कुणासाठी ते बघा. 1989 मध्ये जमैकातल्या संशोधकांनी 9-10 वर्षांच्या मुलांना रात्री मुक्कामाला ठेवून सकाळी एकदा नाश्ता दिला आणि दुसऱ्या वेळी नुसता कृत्रिम गोडीचा, बिनसाखरेचा चहा. कुपोषित किंवा खुरटलेल्या मुलांची कामगिरी नाश्ता चुकल्यावर घसरली. व्यवस्थित पोसलेल्या मुलांची घसरली नाही. ज्या मुलाच्या शरीरात साठाच नाही, त्याला सकाळचं खाणं हा आधार आहे. सकाळी भूकच लागत नाही, दोन तासांनी खातो म्हणणाऱ्या धडधाकट मुलाला दमदाटी करून खाऊ घालण्यात एकाग्रतेचा लाभ नाही, सकाळची भांडणं तेवढी वाढतात.

कॉफीचा मुद्दा लवकर संपतो. कॅफिन ऊर्जा देत नाही. थकव्याचा निरोप देणारं अ‍ॅडेनोसिन मेंदूत जिथे चिकटतं ती जागा ते अडवून बसतं. प्रौढांमध्ये घेतलेलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही रक्तात असतं. 2013 च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त घटली. आणि दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. म्हणजे रात्री अकराच्या कॉफीने दोन तास जास्त वाचून होतं आणि वाचलेलं मुरायची वेळ कापली जाते.

पाण्याचं म्हणणं बरोबर आहे. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांइतकं घटलं की लक्ष ढळतं. तहान लागली की प्यावं, पेपरला बाटली न्यावी. बादलीभर पिऊन पेपरच्या मध्यात दोनदा बाहेर जाण्यात काही हशील नाही.

राहिलं ‘21 दिवसांत दुप्पट’. याला कुठल्याही पदार्थाचा पुरावा नाही. स्मरणात खरोखर मोठा फरक पाडणारी गोष्ट ताटात नसून वहीत आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. इतका फरक दाखवणारा सुकामेवा अजून सापडलेला नाही.

माझी खरी तक्रार मेसेजमध्ये काय आहे यापेक्षा काय नाही याबद्दल आहे. त्यात लोहाचा उल्लेख नाही. बी-12 नाही. आयोडीन नाही. बी-12 नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य अन्नात मिळतं, त्यामुळे दूध-अंडीही वर्ज्य असतील तर ते बाहेरून घ्यावंच लागतं. लोहाची कमतरता तर जगभर, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये, सर्रास आढळते, आणि ‘आळशी झालीये, लक्षच नसतं’ या शेऱ्याखाली दबून जाते.

1996 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अशा मुली शोधल्या गेल्या ज्यांचं हिमोग्लोबिन ठीक होतं, पण शरीरातला लोहाचा साठा कमी होता. म्हणजे रूढ अर्थाने त्यांना अ‍ॅनिमिया नव्हता. आठ आठवडे निम्म्यांना लोह दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. लोह घेतलेल्या मुली ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत पुढे गेल्या. एकाग्रतेच्या चाचण्यांत मात्र फरक पडला नाही, हेही संशोधकांनी नोंदवलं आहे. उणीव होती, ती भरली, आणि नेमका एका क्षमतेत फायदा झाला.

मूल सतत थकलेलं, फिकट, अभ्यासात मन लागत नाही असं म्हणणारं असेल, तर ग्लुकोजच्या पुड्याआधी डॉक्टरांना गाठा. नुसतं हिमोग्लोबिन पुरेसं नाही, फेरिटिनबद्दलही (त्यावरून लोहाचा साठा कळतो) विचारा, कारण साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. जेवणाबरोबर चहा-कॉफी टाळली आणि लिंबासारखं आंबट काही घेतलं की डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका. जादा झालेलं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, आणि घरात धाकटं भावंड असेल तर ती बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. लहान मुलांना त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.