युद्ध चालू असताना नंबरप्लेट बसवू नये

जगात कुठंतरी युद्ध पेटलेलं असताना तुम्ही जाऊन दाढेचं रूट कॅनाल करून घेणार? तुम्हाला काही वाटतं की नाही, असं कुणीही विचारेल. कुणी विचारलं नाही तर स्वतःच स्वतःला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दाढ तशीच राहू द्या. लवंग चघळा. हा मार्ग मला बऱ्याच वर्षांच्या अनुभवातून सापडलेला आहे आणि तो मी कुणापासून लपवून ठेवत नाही.

यादी मात्र जरूर करा. यादी करायला युद्धातही मनाई नसते. माझी २०२५च्या एप्रिलअखेरची यादी अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे: दाढ. आईच्या पासबुकात नॉमिनी. गावच्या घराची घरपट्टी. बाथरूमचा नळ. एका जुन्या मित्राकडे जाऊन येणं, कारण त्याचे वडील मार्चमध्ये गेले आणि मी फक्त फोनवर 'येतो एकदा' म्हणालो होतो. आणि सर्वात खाली, दोनदा अधोरेखित, स्कूटरची नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती नवी उच्च सुरक्षा प्लेट लावा, असं सरकारचं फर्मान. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. आधी मुदत होती ३१ मार्च, मग ३० एप्रिल, मग ३० जून. म्हणजे सरकारही आपल्यातलंच.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. २२ एप्रिलला काश्मीरमध्ये पहलगामला अतिरेक्यांनी २६ माणसं मारली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. त्या रात्री कुणाच्याच घशाखाली घास उतरला नाही, आमच्या कल्याणात तर नाहीच. त्या दुःखाची थट्टा इथे नाही. मी सांगतोय ते दुःख थोडं जुनं झाल्यावर त्याचा घरगुती वापर कसा करायचा, त्याबद्दल.

७ मे, बुधवार. रात्री १ वाजून ५ मिनिटांपासून दीड वाजेपर्यंत, म्हणजे पंचवीस मिनिटांत, पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले करून आपली माणसं मोकळी झाली. माझा नळ गळायला लागून तेव्हा पाच महिने झाले होते. सकाळी साडेदहाला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग टीव्हीवर आले. मी ऑफिसला 'घरून काम' कळवलं. काम म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अकराच्या सुमाराला समोरच्या काकूंचा मुलगा दार वाजवून म्हणाला, "काका, मला आज प्लेटचा स्लॉट मिळालाय. तुमची स्कूटर घेऊन येताय का? तिथेच तुमचंही विचारू."

अशा वेळी काय बोलायचं ते पाठ करून ठेवा. मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, "अरे, देशात काय चाललंय आणि तुला नंबरप्लेट सुचतेय?"

तो "बरं" म्हणाला आणि हेल्मेट घेऊन जिना उतरला.

त्या दिवशी देशभर २४४ जिल्ह्यांत मॉक ड्रिल होती. मुंबईत क्रॉस मैदानावर दुपारी चारला भोंगा वाजणार होता. १९७१ नंतर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर, म्हणून आईला आठवणींचा उमाळा आला. तेव्हा त्यांनी चाळीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता, आणि तो नंतर खरवडून काढायला तिला दोन रविवार लागले होते. लक्षात घ्या, त्या पिढीला युद्धातसुद्धा काम चुकवता आलं नाही. आपल्याकडे ही सोय आलीय, तिचा आदर ठेवा.

भोंग्याचं विशेष म्हणजे तो मैदानात एकदाच वाजतो आणि वाहिन्यांवर दिवसभर. आमच्याकडे डाळ लावलेली होती. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, असं सांगून बायको अंघोळीला गेली. मी शिट्ट्या मोजायला बसलो. पहिली झाली. दुसरी कुकरची की अँकरच्या मागची, यावर माझा गोंधळ झाला. मग पडद्यावर एक नकाशा आला, त्यावर लाल बाण आले. बायको केस पुसत बाहेर आली तेव्हा सगळ्या घरात करपल्याचा वास होता, आणि मी तिला सांगत होतो की हवाई संरक्षण यंत्रणा नेमकी कशी काम करते. तीन दिवसांनी, १० मेला, भोंग्याचे आवाज कार्यक्रमांत वापरू नका, अशी सूचना सरकारने वाहिन्यांना केली. कुकरच्या तळाला मी अजून चिंच लावतोय.

जागरण अत्यावश्यक. ८ मेची रात्र ज्याने झोपून काढली त्याने आपल्याशी बोलू नये. त्या एका रात्रीत काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं आणि इस्लामाबाद ताब्यात घेतलं. पहाटे साडेतीनला मी मुलाला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मगाशी तुम्ही दाखवलेली ती क्लिप व्हिडिओ गेममधली आहे," आणि कूस बदलून झोपला. सकाळी कराची होती तिथेच होती. माझं ऑफिस मात्र चुकलं, कारण डोळे लाल. त्याच दिवसांत पूंछमध्ये खऱ्या घरांवर खरे तोफगोळे पडत होते आणि माणसं मरत होती, पण तिथले फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फारसे फिरले नाहीत. त्यात नकाशा नव्हता, बाण नव्हते.

खरेदीचंही बघा. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा निरोप व्हॉट्सॲपवर आला. सरकारने तो खोटा असल्याचं लगेच जाहीर केलं, पण तोवर मी रांगेत उभा होतो, आणि रांगेत पुढे सरकलेला माणूस खोटं-खरं पाहत नाही. ज्या बँकेत नॉमिनीच्या अर्जासाठी चार महिने जायला झालं नव्हतं, तिच्याच दारात दीड तास उभा राहिलो. आत जाऊन अर्ज घ्यावा, असं एकदा मनात आलं. रांगेतली जागा गेली असती. येताना दोन डझन मेणबत्त्या घेतल्या. त्या मात्र कामी आल्या. पुढच्याच आठवड्यात वळवाच्या पावसात कल्याणची वीज गेली, ती युद्धाच्या काही संबंधाशिवाय गेली.

आमचे मेहुणे याबाबतीत माझ्या पुढचे. ते काळजी नुसती करत नाहीत, अमलात आणतात. शुक्रवारी, ९ मेला, सेन्सेक्स ८८० अंकांनी पडला तेव्हा त्यांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं निम्मं विकून टाकलं. "देशापुढे पैसा काय," म्हणाले. सोमवारी, १२ मेला, सेन्सेक्स २,९७५ अंकांनी चढला. त्यानंतर ते देशाबद्दल जरा कमी बोलतात.

आणि आता माझी खरी तक्रार. शनिवार, १० मे, संध्याकाळी पाच. शस्त्रसंधी. शनिवारी संध्याकाळी पाचला युद्ध थांबवतात का कुणी? पुढे सबंध रविवार मोकळा! आयपीएलसुद्धा आदल्याच दिवशी आठवडाभरासाठी थांबवलेलं. बायकोने फ्रिजवरची यादी काढून टेबलावर, माझ्या चहाच्या बशीखाली ठेवली. रात्री श्रीनगरला पुन्हा ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आला असेल. माझ्या पोटात त्या क्षणी नेमकं काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. यादी परत फ्रिजवर गेली, एवढं सांगतो.

मित्राकडे जायचं राहिलं असं मात्र म्हणू नका. मी त्याला रोज एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचे व्हिडिओ पाठवत होतो. तो अंगठा दाखवायचा. चौथ्या दिवशी त्याने लिहिलं, 'बाबांना हे सगळं फार आवडलं असतं.' यावर काय लिहायचं ते मला सुचेना, म्हणून मी आणखी एक व्हिडिओ पाठवला.

एकच युद्ध धरून बसू नका. चार दिवसांत थांबणाऱ्या युद्धावर आयुष्याची घडी बसवता येत नाही. युक्रेनचं बघा, २४ फेब्रुवारी २०२२पासून चालू आहे. आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं बहुतेक तेल तेव्हा तिकडून यायचं, त्यामुळे त्याची काळजी तळणीपर्यंत पोचवता येते. माझं व्यायामाचं त्या फेब्रुवारीपासून राहिलंय. मग १३ जूनला इस्रायल आणि इराणचं जुंपलं. ते मला फार सोयीचं पडलं. होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तर जगातलं पाचव्या हिश्शाच्या आसपास तेल अडकेल, पेट्रोल भडकेल, आणि पेट्रोलच परवडणार नसेल तर स्कूटरला नवी प्लेट लावून करायचंय काय? हा युक्तिवाद मी घरात मांडला. बायको म्हणाली, "नळ पेट्रोलवर चालतो का?" बायकांना भू-राजकारण समजत नाही, असं मी मनात म्हणालो. मनातच.

ते युद्धही बारा दिवसांत, २४ जूनला थांबलं. प्लेटची मुदत ३० जून. सहा दिवस हातात, आणि जगात माझ्या कामाचं नवं काही पेटेना. मी अक्षरशः वेबसाइट उघडली होती, चासी नंबर शोधायला आरसी बुकाची पिशवीही काढली होती. तेवढ्यात कळलं, मुदत १५ ऑगस्टपर्यंत वाढवलीय. पुढे ती ३० नोव्हेंबर झाली, मग ३१ डिसेंबर. ज्यांची श्रद्धा असते त्यांचं असं होतं.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, अपशिंगे मिलिटरीच्या. गावाच्या नावातच मिलिटरी. मुलगा फौजेत. मे महिन्यातल्या चुलतबहिणीच्या लग्नासाठी महिन्याच्या रजेवर आला होता आणि आठव्या दिवशी रजा रद्द झाल्याचा फोन आला. ७ मेच्या सकाळीच, माझं दार वाजवण्याआधी. प्लेटची अपॉइंटमेंट त्याने येण्याआधीच, तिकडे ड्यूटीवर असतानाच ऑनलाइन घेऊन ठेवली होती. दुपारी त्याने बुलेटला प्लेट लावून आणली, काकूंच्या गॅस सिलिंडरचा नंबर लावला, गच्चीवरच्या कुरडया उतरवून दिल्या आणि रात्री कल्याणहून पंजाब मेल पकडली. मी हे सगळं गॅलरीतून पाहिलं, जाहिराती लागल्या होत्या तेव्हा.

निघताना तो पुन्हा आमच्याकडे आला. बुलेटची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, आठवड्यातून एकदा फक्त दहा मिनिटं चालू करा. नाहीतर बॅटरी उतरते."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. "इकडचं आम्ही बघतो."

त्या सगळ्या दिवसांत काकूंच्या घरातून टीव्हीचा आवाज आला नाही. फोन खुर्चीवर, चार्जरला लावलेला, आणि त्या खाली बसून लोणच्याच्या कैऱ्या चिरत. मी एकदा जाऊन त्यांना सीमेवरची परिस्थिती समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीठ जरा जास्तच लागतंय यंदा, कोपऱ्यावरून एक पुडा आणून देता का?" मी हो म्हणालो. संध्याकाळी बघतो तर मिठाचे दोन पुडे घेऊन त्याच जिना चढत होत्या.

मुलगा गणपतीत आला, दहा दिवसांसाठी. सकाळी खालून किक मारल्याचा आवाज येत होता. एक, दोन, पाच, बारा. इंजिन काही बोलेना. मी गॅलरीत गेलो. त्याने वर पाहून हात केला, हसला, आणि ती चकचकीत नव्या प्लेटची बुलेट ढकलत फाटकाबाहेर गॅरेजकडे निघाला. खाली जाऊन मागून हात लावावा असं वाटलं.

पण आत नुकतंच युक्रेनचं काहीतरी लागलं होतं.