गड आला, पण केबल गेली

पुण्यातल्या बाणेर-बालेवाडीच्या आमच्या छापाच्या स्टार्टअप कंपन्यांत दर सोमवारी नवी माणसं येतात. बाकीचं काही त्या वेगानं वाढत नाही, आणि सोसावं लागतं ते यामुळेच.

पहिला बळी जातो वायफायचा. ऑफिस घेतलं तेव्हा पंचवीसजण होते, म्हणून वायफाय लावणाऱ्यानं नेहमीचं /२४ नेटवर्क टाकून दिलं. त्यात वापरायला पत्ते २५४; नेटवर जायला प्रत्येक उपकरणाला यातला एक लागतो. त्यातून राउटर, प्रिंटर, कॅमेरे आणि मीटिंग रूममधले टीव्ही वजा करा. उरलेल्यात माणशी एक लॅपटॉप, एक फोन, आणि हौशी लोकांच्या मनगटावरचं घड्याळही पत्ता मागतंच. ऐंशीएक माणसं झाली की कोटा संपला. शिवाय एकदा दिलेला पत्ता चोवीस तास परत घ्यायचा नाही असं सेटिंग; या मुदतीला लीज म्हणतात. त्यामुळे काल दुपारी इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्या उमेदवाराच्या फोनला आज सकाळीही आमच्याकडे जागा राखलेली असते. नऊला येणाऱ्यांना यातलं काही जाणवत नाही. साडेअकराला उगवणाऱ्याचा लॅपटॉप मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देतो, वायफायच्या पट्ट्या फुल्ल दाखवतो आणि गूगलसुद्धा उघडत नाही. मग कुणीतरी राउटर बंद-चालू करतो. स्वस्तातला राउटर असेल तर कुणाला कोणता पत्ता दिला ही त्याची यादीच पुसली जाते आणि एकच पत्ता दोघांना मिळतो, की दोघंही लटकले. खरं तर काम दहा मिनिटांचं आहे: लीज दोन तासांची करायची, नेटवर्क /२३ करायचं म्हणजे पत्ते ५१० होतात, आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढायचं. फक्त राउटरचा पासवर्ड ज्याला ठाऊक असतो, त्यानं दिवाळीचा बोनस घेऊन कंपनी बदललेली असते.

पँट्रीत तेच. एका डब्याला मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं धरली तरी तासाला वीस डबे, आणि रांगेत चाळीस. म्हणून दुसरा मायक्रोवेव्ह येतो आणि पहिल्याच्याच लाइनवर लागतो. दोन मायक्रोवेव्ह, किटली आणि कॉफी मशीन एकदम चालले तर साडेपाच हजार वॅट, म्हणजे २४ अँपिअरच्या आसपास. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा खटका, १६ चा. थोडा वेळ दम धरतो, मग पडतो. एका मायक्रोवेव्हवर निदान निम्म्यांना गरम जेवण मिळत होतं.

आता अस्सल दुखणं, प्रॉडक्शनचं, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू ॲपचं. ॲप हळू चाललंय, ग्राहक ओरडतायत, तर वरून फर्मान येतं की सर्व्हर वाढवा. पोस्टग्रेस डेटाबेस मूळ सेटिंगवर एका वेळी शंभर कनेक्शन देतो, आणि त्यातली तीन सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य ॲडमिनसाठी, ठेवलेली असतात. ॲपचा प्रत्येक सर्व्हर सुरू होतानाच वीस कनेक्शन अडवून बसतो. चार सर्व्हरांचे ऐंशी, तोवर ठीक. पाचवा लावला की शंभर, आणि हातात सत्त्याण्णव. लॉगमध्ये एरर येतो की उरलेल्या जागा राखीव आहेत, अगदी एसटीतल्या आमदारांच्या सीटसारख्या. म्हणजे ॲपचा वेग वाढावा म्हणून लावलेल्या सर्व्हरनंच ते आडवं केलं. कुणीतरी म्हणतो, शंभरचे पाचशे करून टाकू. होतात ना, पण त्यासाठी डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो, आणि प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस असल्यामुळे मेमरी फुगत जाते. मधे पीजीबाउन्सर नावाचा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम बसवला की शेकडो विनंत्या थोड्याच कनेक्शनवर भागतात. तो बसवायचं तिकीट बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, असतंच. प्रायॉरिटी लो.

माणसांचंही गणित असंच आहे. आठ जणांत बोलायच्या जोड्या २८, चाळीस जणांत ७८०. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, हे आयबीएमचं मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्याकडे हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, विशेषतः नवी भरती काढणाऱ्यांना. कारण नवा माणूस येतो तो जुन्याचा वेळ खातच येतो. रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहिलेलं असतं, ‘सेटअप दहा मिनिटांत’. त्यातली नोडची (ॲप ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती केव्हाच मागे पडलेली. पासवर्ड आणि कीज असलेली एन्व्ह फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कोडच्या साठ्यात, ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ती ठेवायला नीट तिजोरी मात्र कुणी केलेली नसते, त्यामुळे ती स्लॅक या ऑफिसच्या चॅटवरून हातोहात फिरते.

“अरे, पेमेंटचं पान उघडत नाहीये.”

“एन्व्ह कुणाची घेतलीस?”

“शेजारच्याची.”

“त्याची जुनी आहे. थांब, माझी देतो.”

त्याचीही जुनीच असते.

पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्यानं घ्यायची मीटिंग, बावीस जणांत, माणशी दोन मिनिटं धरली, तरी पाऊण तास. विसाव्याची पाळी येईपर्यंत निम्मे खुर्च्या ओढून बसलेले. मग टीम फोडून दोन करतात आणि दोघींचा ताळमेळ ठेवायला तिसरी मीटिंग ठेवतात. तिला रूम लागते. रूमांना नावं गडांची: रायगड, तोरणा, सिंहगड. कॅलेंडरवर सिंहगड दर मंगळवारी बुक. बुक करणारा कंपनी सोडून गेलेला, पण त्याची रिपीट होणारी मीटिंग अजून गडावर. त्याला हुसकावून आत शिरावं, तर एचडीएमआयची केबल तोरण्यावर नेलेली.

एवढं सोसून लोक टिकतात, त्यात ईसॉप्सचा, म्हणजे कंपनीचे शेअर ठरल्या किमतीला घ्यायच्या हक्काचा, वाटा मोठा. ऑफर लेटरमधला आकडा आपण घरी मोठ्यानं वाचून दाखवतो. खालचं बारीक अक्षर सहसा असं: हा हक्क चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं आपला होतो, पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर शून्य. आपला झाला तरी शेअर ठरल्या किमतीला विकत घ्यावे लागतात, आणि बाजारमूल्य त्याहून जितकं जास्त, तितकी रक्कम पगारात धरून टॅक्स कापतात. काही स्टार्टअपना तो पुढे ढकलायची सवलत असते. आपली त्यात बसते का, हे अकाउंट्सला लेखी विचारावं. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसल्यानं शेअरला गिऱ्हाईक सहजी मिळत नाही. टॅक्स रोखीत.