पक्षी सोडून सर्व काही

आमच्या पुण्यात पक्षीनिरीक्षकांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ पहाटे साडेपाचला गळ्यात दुर्बीण अडकवून वेताळ टेकडी चढतो, मोराचा आवाज ऐकून खाली उतरतो, वाटेत इडली खातो आणि आठाच्या आत घरी पोहोचून उरलेल्या कुटुंबाला आळशी ठरवतो. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे की पंख जर पक्ष्यांना आहेत आणि आपल्याला नाहीत, तर येण्याजाण्याचे काम पक्ष्यांनीच केलेले बरे. मी या दुसऱ्या पंथाचा निष्ठावंत अनुयायी आहे. टेकडीच्या पायथ्याशी एका जुन्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावर राहतो आणि मागच्या व्हरांड्यासमोर एक चिकू, एक जास्वंद, कढीपत्ता आणि कोणीही न लावलेली एक पपई एवढी आमची बाग आहे. तिथे बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर आणि तांबट रोज येतात, सातभाई घोळक्याने येऊन आपापसांत भांडून जातात, आणि हे सर्व नेमके मी कचेरीत असताना घडते. या अन्यायावर उपाय म्हणून मी एक छोटा कॅमेरा आणला.

हा कॅमेरा हाताच्या पंजात मावतो, त्याच्या अंगावर हिरवे-तपकिरी चट्टे असतात आणि तो झाडाला किंवा खांबाला पट्ट्याने बांधतात. जंगलात वाघ मोजायला वापरतात त्याच कुळातला तो आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात या आधारावर वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात अशाच कॅमेऱ्यांनी वाघांची मोजदाद केली होती. जिथे अख्खा वाघ सापडतो तिथे बुलबुलाची काय कथा, असा माझा हिशेब होता.

या हिशेबात पुण्याचा उन्हाळा धरलेला नव्हता. हा कॅमेरा सतत पाहत नसतो, तर बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याच्या पुढच्या बाजूला एक संवेदक असतो आणि समोरच्या दृश्यातील उष्णतेत काही हालचाल झाली, म्हणजे थंड पार्श्वभूमीवरून एखादा उबदार जीव सरकला, की तो कॅमेऱ्याला जागे करतो. पक्ष्याच्या शरीराचे तापमान चाळीस-बेचाळीस अंश असते. एप्रिल-मेच्या दुपारी आमच्याकडची हवाही चाळिशीला टेकलेली असते आणि मागची भिंत तर हवेहून तापलेली असते, त्यामुळे दयाळाने भिंतीपुढे शेपटी उंचावून अख्खी मैफल गाजवली तरी संवेदकाच्या मते तिथे फक्त भिंतच असते. उलट उन्हाने तापलेली जास्वंदीची फांदी वाऱ्यावर जराशी हलली, की काहीतरी प्रचंड जनावर चालून आले अशी त्याची खात्री पटते. शिवाय जागे झाल्यावरही कॅमेरा लगेच कामाला लागत नाही. बेल वाजल्यावर ‘आलो, आलो’ म्हणत चपला शोधणाऱ्या गृहस्थाप्रमाणे तो आधी स्वतःला सावरतो. तेवढ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात शिंपी पक्षी येतो, पानाखालचा किडा उचलतो आणि शेजारच्या सोसायटीत जातो.

पहिल्या आठवड्याची छायाचित्रे मी मोठ्या पडद्यावर लावून सौभाग्यवतींना दाखवली.

“अहो, ही सगळी पानेच आहेत.”

“या पानामागे शिंपी आहे.”

“मग पान बाजूला करून काढायचा ना फोटो.”

वन्यजीव छायाचित्रणाच्या इतिहासात एवढी थेट सूचना कोणी केली नसावी. हा इतिहास तसा जुना आहे. जॉर्ज शिरास नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी रात्री स्फोटक प्रकाश पाडून टिपलेली हरणांची आणि इतर प्राण्यांची छायाचित्रे नॅशनल जिओग्राफिकने १९०६ साली छापली. आपल्याकडे १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांतातील जंगलवाटांवर तार ताणून ठेवली आणि तारेवर पाय देणाऱ्या वाघांकडून त्यांची स्वतःचीच छायाचित्रे काढून घेतली. प्रकाशाची पूड एकदा भडकली, कॅमेऱ्यातली छायाचित्राची काच एकदा उजळली की त्या रात्रीचे काम संपले. मला चॅम्पियनसाहेबांचा हेवा वाटतो तो वाघांमुळे नव्हे. सकाळी उठून जास्वंदीच्या फांदीची हजारभर छायाचित्रे पुसत बसण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, यामुळे वाटतो.

त्या हजारांतच मला आमच्या संवेदकाची खरी गुणवत्ता कळली. पहाटे भिंत थंड असते आणि अशा वेळी उबदार प्राणी त्याच्या तावडीतून सुटत नाही. पाच वाजून चाळीस मिनिटांच्या एका कृष्णधवल चित्रात एक उंच, सडपातळ, काहीसा वाकलेला प्राणी जास्वंदीजवळ दिसला, पुढच्या चित्रात त्याच्या हातात आकडीची काठी दिसली आणि तिसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी. ते आमच्या सोसायटीचे खजिनदार होते. मागच्या वार्षिक सभेत ‘बागेतील फुले तोडू नयेत’ हा ठराव त्यांनीच मांडलेला असल्यामुळे चित्रे पाहताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. त्यांना मात्र तसे काही झाले नाही. संध्याकाळी फाटकाशी भेटले तेव्हा स्वतःहून म्हणाले, “तुझ्या खांबावर तो कॅमेरा बघितला रे. मी आलोय का त्यात? चांगला आला असेल तर पाठव, आधारकार्डावरचा फारच वाईट आहे.”

फांदीचा उपद्रव टाळण्यासाठी मी कॅमेऱ्याचे तोंड जास्वंदीकडून वळवून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलेल्या पाण्याच्या परळाकडे केले. उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाणी ठेवावे, हे माझे ठाम मत आहे. बाजरी टाकली की पहिल्यांदा पारवे येतात, दुसऱ्यांदाही पारवेच येतात आणि तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावरून तक्रार येते. पाण्याला मात्र सगळे येतात. परळ कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर होता, त्यामुळे पक्षी अगदी चौकटभर दिसू लागले आणि सगळे धुरकट दिसू लागले. या कॅमेऱ्यांचे भिंग एकाच अंतरासाठी कायमचे बसवलेले असते, दीड-दोन मीटरपलीकडचे हरीण स्वच्छ दिसावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. फोनमधल्या ज्या ॲपला मी ही चित्रे दाखवली, त्याने आमच्या बुलबुलाचा तुरा आणि बुडाचा लाल रंग पाहून हा उत्तर अमेरिकेतील कार्डिनल असावा असे कळवले. व्हिसाबिसा कसा मिळाला याबद्दल त्याने काही लिहिले नव्हते.

यावरचा उपाय आबांच्या टेबलाच्या खणात निघाला. आमच्या वडिलांना वाचायला दोन नंबरचा चष्मा लागतो आणि दूरवर रोखलेल्या भिंगापुढे अधिक दोन नंबरची काच धरली, की ते बरोबर अर्ध्या मीटरवर पाहू लागते. आबांच्या जुन्या चष्म्याची उजवी काच कॅमेऱ्याच्या डोळ्यावर येईल अशा बेताने मी अख्खा चष्मा रबरबँडने कॅमेऱ्याला बांधला. कॅमेरा एकदम सुशिक्षित दिसू लागला. आबांच्या चष्म्यातून आलेला पहिला सुस्पष्ट पक्षी ‘चष्मेवाला’ याच नावाचा होता, ही गोष्ट मी जुळवून आणलेली नाही.

दिवस असा मार्गी लागला, तेव्हा रात्रींनी त्रास द्यायला सुरुवात केली. अंधारात हे कॅमेरे अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड दिवे लावतात. त्यांतील ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, तर ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची मंद लाल झाक दिसते. माझा कॅमेरा स्वस्तातला, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा होता. कॅमेऱ्याभोवती किडे आले, किड्यांसाठी कोळी आला आणि कोळ्याने थेट भिंगासमोर जाळे विणले. अवरक्त प्रकाशात त्याचा एकच तंतू एवढा लखलखतो की मागची बाग नाहीशी होते आणि ज्याच्यामुळे बाग नाहीशी झाली तो कोळीच चौकटीच्या मध्यभागी आठ पायांनी उभा राहतो. मी रोज सकाळी जाळे काढत असे आणि तो रोज रात्री पुन्हा विणत असे. शेवटी दोघांपैकी कोणीतरी शहाणपण दाखवायला हवे म्हणून मी काढायचे थांबलो.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. “हे बघ, मी काही घाबरट नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या व्हरांड्यात मध्यरात्री लाल डोळे उघडतात आणि मिटतात. शिवाय चिकूही नाहीसे होताहेत, आणि तू आमच्या नातवावर संशय घेतोयस असं वॉचमन सांगत होता.” मी त्यांना बसवून घेतले, लाल डोळे कॅमेऱ्याचे आहेत हे समजावले आणि ते कशासाठी उघडले होते ते पाहावे म्हणून मागच्या रात्रीची चित्रे लावली. जाळ्याच्या एका फटीतून, परळाशी पुढचे पाय टेकून, लांब शेपटीचे एक धष्टपुष्ट उदमांजर पाणी पीत होते. पुण्यासारख्या शहरात उदमांजरे जुनी झाडे, पोटमाळे आणि छपरे धरून निवांत राहतात, रात्री बाहेर पडतात आणि पिकलेले फळ त्यांना आपल्याआधी कळते. काकूंनी चित्र मोठे करून पाहिले, चेहऱ्याचे निरीक्षण केले आणि उठताना म्हणाल्या, “आता नातवाची माफी माग.” मी मागितली. नातवाने ती स्वीकारली आणि दोन चिकू आपणच नेल्याचे खासगीत सांगितले.

एवढे झाल्यावर शिंजीर आला. खरे म्हणजे आली, कारण घरटे विणण्याचे काम शिंजिराची मादीच करते. कोळ्याचे जाळे हा तिच्या बांधकामातील मुख्य माल असतो. वाळके गवत, सालीचे कपटे, पानांचे तुकडे आणि सुरवंटाची वाळलेली विष्ठा ती जाळ्याच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटवते आणि त्यातून एक लोंबती पिशवी तयार होते, जिच्या बाजूला दार असते आणि दारावर चिमुकला सज्जाही असतो. माझ्या कॅमेऱ्यापुढचे जाळे तिने एका सकाळी अलगद उतरवून नेले. तो प्रसंग कॅमेऱ्याने एका पिवळ्या फरकाट्याच्या रूपात टिपला आहे. कोळ्याशी मी इतके दिवस ज्या कामासाठी झुंजलो, ते तिने चोचीने सहज केले.

घरटे कुठे बांधले हे मला चित्रांतून कळणे शक्यच नव्हते. कठड्यावर ठेवलेल्या सौरपट्टीतून कॅमेऱ्याला वीज नेणारी एक वायर आहे. ती खांबामागून वळसा घेऊन येते आणि त्या वळशालाच तिने आपली पिशवी टांगली. म्हणजे सबंध बागेत कॅमेऱ्याला जी एकच जागा कधीही दिसणार नाही, नेमकी तीच तिने निवडली. आता कॅमेरा वळवायचा तर वायर हलणार आणि वायर हलली तर घरटे हलणार. घरट्याशी लुडबुड केली तर पक्षी ते सोडून जाऊ शकतात, कावळ्यांनाही जागा कळते, आणि म्हणूनच निसर्ग छायाचित्रणाच्या बऱ्याच स्पर्धा घरट्याचे चित्र मुळात स्वीकारत नाहीत. अंडी उबायला दोनेक आठवडे आणि पिले उडायला आणखी तितकेच, तोवर खांबाला हात लावायचा नाही, असे घरात जाहीर झाले. सौरपट्टी काम करीत असल्यामुळे कॅमेराही थांबत नाही आणि सध्या तो अथकपणे परळात अंघोळ करणाऱ्या साळुंक्यांची चित्रे जमवतो आहे.

घरट्याची बातमी आम्हाला आबा देतात. त्यांना जवळचे दिसत नसले तरी फाटकापलीकडून जाणाऱ्या बसचा नंबर ते आजही वाचतात, त्यामुळे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आरामखुर्ची टाकून ते घरट्याकडे पाहत बसतात. “बाई आत गेल्या,” “नवरा नुसता तारेवर बसून ओरडतोय,” “आता चोचीत अळी आहे, म्हणजे पिलं निघाली,” असे धावते वर्णन दिवसभर चालते आणि माझ्या कार्डातील सर्व चित्रांपेक्षा त्यात पक्षी जास्त असतो.

अडचण एवढीच आहे की मागच्या सोमवारी आबा स्वतःच्या नव्या चष्म्यावर बसले. घरात एक धडधाकट चष्मा असताना दुसऱ्याला पैसे घालणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही, आणि तो धडधाकट चष्मा कॅमेऱ्याच्या डोळ्यावर, घरट्यापासून वीतभर अंतरावर आहे. त्यामुळे पिले उडेपर्यंत वर्तमानपत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, असे ठरले आहे. अग्रलेख ते मला वगळू देतात. निधनवार्ता मात्र वयासकट वाचाव्या लागतात, आणि मी एखादी गाळली तर घरट्यावरची नजर न काढता त्यांना ते बरोबर कळते.