बोर्ड बूट होतोय म्हणजे डीटीएस बरोबर, असं नसतंय

एक मेसेज गेले काही दिवस आमच्या एम्बेडेडवाल्या (यंत्रांत बसवायच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डांवर काम करणाऱ्या) पोरांत फिरतोय, मलाच चौघांनी पाठवला. म्हणे डीटीएस फायली (बोर्डावर कुठले भाग कुठं जोडलेत हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणाऱ्या फायली) साफ करणं म्हणजे नुसती रंगरंगोटी, बोर्ड बूट होतोय ना मग हात लावू नका, कंपायलर गप्प आहे म्हणजे फाइल बरोबर, आणि साफ करायला गेलं की चालू बोर्ड बंद पडतात. मी सांगलीत हेच काम करतो, नवीन पोरं हे वाचून तसंच शिकतील म्हणून लिहितोय.

बूट होतोय म्हणजे बरोबर? नाही ओ. तासगावच्या एका द्राक्षबागेत आम्ही हवामानाचं यंत्र लावलं, सेन्सर बीएमई280. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या द्राक्षवेलीवरच्या रोगाची फवारणी कधी घ्यायची ते बागायतदार त्यातली आर्द्रता बघून ठरवणार होता. बोर्ड मस्त बूट व्हायचा, रीडिंग यायची आणि अर्ध्या मिनिटात सेन्सर गप्प. वायर बदलली, सेन्सर बदलला, तासगावच्या फेऱ्या झाल्या, आणि चूक निघाली बोर्डासोबत आलेल्या डीटीएसमध्ये. त्यात सेन्सरच्या वीजपुरवठ्याचं नाव 'व्हीडीडी-सप्लाय' लिहिलेलं, ड्रायव्हर (कर्नलमधला सेन्सर चालवणारा कोड) मागतो 'व्हीडीडीडी-सप्लाय' आणि 'व्हीडीडीए-सप्लाय'. त्या नावाचं काही मिळालं नाही की कर्नल डमी रेग्युलेटर (नावापुरता, खोटा वीजपुरवठा) देतो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि पुढं जातो. खरी सप्लाय बूटलोडरनं (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामनं) चालू ठेवलेली म्हणून सेन्सर चालायचा, पण ती कुणी वापरतंय अशी नोंदच नाही, मग बूटनंतर साधारण 30 सेकंदांनी कर्नल ती बिनवापराची समजून बंद करायचा. एका नावापायी तो माणूस रोज सकाळी पानं उलटून डावणी शोधत होता, याला रंगरंगोटी म्हणायचं का?

कंपायलर गप्प आहे हे पण तसंच. डीटीसी, म्हणजे डीटीएसचा कंपायलर, बघतो ते मुख्यतः व्याकरण, कुठल्या ड्रायव्हरला कुठली प्रॉपर्टी (डीटीएसमधली नोंद) लागते हे त्याला माहितीच नाही, आणि बिल्ड करताना 'डब्ल्यू=1' हा पर्याय दिला नाही तर कर्नलचा बिल्ड त्याच्या काही वॉर्निंग मुद्दाम बंद ठेवतो. 'मेक डीटीबीएस_चेक' चालवा, तो फाइल चिपसाठी यामल फायलीत लिहिलेल्या नियमांशी ताडून बघतो, आमची चूक त्यानं लगेच धरली असती.

नोड (डीटीएसमधला एकेका भागाचा तुकडा) पत्त्याच्या क्रमानं लावणं, दोन बोर्डांचं सारखं सामान एका डीटीएसआयमध्ये (दोघांच्या सामाईक फाइलमध्ये) नेणं, हे वेळ घालवणं वाटतं खरं. पण 2011 मध्ये एआरएम प्रोसेसरच्या बोर्डागणिक वाढणाऱ्या कोडवर लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्स जाहीर वैतागला होता आणि त्यानंतरच ही माहिती सी कोडमधून डीटीएसमध्ये जोरात हलली, आता तोच कॉपी-पेस्टचा ढीग आपण इकडं रचायचा का.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये खरी आहे, साफसफाईनं बोर्ड बंद पडू शकतो. नोडचं नाव बदललं की सिसएफएसमधला (कर्नल भागांची माहिती फायलींसारखी दाखवतो तिथला) रस्ता बदलतो, बूटलोडर एखादा नोड नावानं शोधत असेल तर त्याला तो सापडत नाही. म्हणून नुसती मांडणी बदलणारा पॅच (बदलांचा संच) वेगळा ठेवायचा आणि 'डीटीएक्स_डिफ'नं आधीची-नंतरची डीटीबी (डीटीएसपासून कंपायलर बनवतो ती फाइल) ताडायची, त्यात फरक निघायलाच नको. नाव किंवा सप्लाय बदलणारा पॅच निराळा, तो खऱ्या बोर्डावर चालवून बघितल्याशिवाय पाठवायचा नाही, आणि चालवायचा म्हणजे बूट बघून उठायचं नाही, निदान पाच मिनिटं रीडिंग बघत बसायचं.

आमचा पॅच एक ओळ काढून दोन घालणारा होता. तुमच्या बोर्डाच्या लॉगमध्ये 'डमी रेग्युलेटर' शोधून बघा, अशी प्रत्येक ओळ चूकच असते असं नाही, पण प्रत्येकीचं कारण तुम्हाला सांगता यायला पाहिजे.