अ‍ॅडम स्मिथच्या नावावर खपवला जाणारा ‘लोभ चांगला’ मेसेज

परत तोच मेसेज आला. अर्थशास्त्राचा बाप अ‍ॅडम स्मिथ १७७६ मध्येच सांगून गेलाय म्हणे की लोभ हेच प्रगतीचं इंजिन, प्रत्येकाने फक्त स्वतःचं बघावं, बाकीचं अदृश्य हात बघून घेतो, म्हणून सरकारने लुडबुड करू नये आणि धंदेवाल्यांना मोकळं सोडावं. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडलंय देव जाणे.

आधी लोभ. खाटीक, बिअरवाला, पाववाला यांच्या दयेवर आपलं जेवण चालत नाही, ते स्वतःचं हित बघतात म्हणून चालतं, हे स्मिथनेच लिहिलंय, मान्य. पण पाववाल्याला माझे पैसे हवे असतील तर पाव नीट द्यावा लागतो, नाहीतर मी पलीकडच्या दुकानात जातो, आणि पलीकडे दुकानच नसेल तर हे सगळं गणित बसत नाही. दुर्गुणांतूनच समाजाची भरभराट होते असं म्हणणारा माणूस वेगळा, बर्नार्ड मँडेव्हिल, आणि त्याला स्मिथने १७५९ च्या ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’मध्ये नाव घेऊन झोडलंय.

अदृश्य हात? १७७६ चं ते पुस्तक म्हणजे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’, एवढा जाडजूड ग्रंथ, त्यात तो एकदाच येतो. परदेशापेक्षा आपल्या देशात भांडवल सुरक्षित वाटतं म्हणून व्यापारी ते इथेच लावतो आणि नकळत देशाचंही भलं होतं, असा तो मुद्दा आहे. सगळं आपोआप ठीक होईल अशी गॅरंटी तिथे कुठेच नाही.

आता धंदेवाल्यांना मोकळं सोडा हे तर कहर आहे, कारण व्यापाऱ्यांवर स्मिथइतका संशय घेणारे फार कमी सापडतील. एका धंद्यातली माणसं मजा करायला जमली तरी गप्पा शेवटी गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटावर किंवा भाव वाढवण्यावर येतात, असं तो लिहितो. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची कायम आतून एकी असते आणि कायदा मात्र मजुरांच्या एकीवर उठतो, हेही त्याचंच. या वर्गाने सुचवलेला कुठलाही कायदा खूप वेळ आणि संशयाने तपासल्याशिवाय घेऊ नका म्हणतो. ईस्ट इंडिया कंपनीला तर त्याने सोडलंच नाही. बंगालमध्ये पाऊस नव्हता हे खरं, पण त्या टंचाईचा दुष्काळ व्हायला कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेली बंधनंही कदाचित कारण झाली, असं त्याचं मत. म्हणजे व्यापारावर बंधनं कोणी घातली, तर व्यापाऱ्याच्याच माणसांनी!

राहिलं सरकार. व्याजदरावर कायद्याची मर्यादा हवी असं स्मिथ म्हणायचा, त्यावरून इंग्लिश विचारवंत जेरेमी बेंथमने १७८७ मध्ये त्याच्याशी वाद घातला. बँकांनी छोट्या रकमेच्या नोटा काढू नयेत असंही त्याचं म्हणणं, यात स्वातंत्र्यावर गदा येते हे कबूल करून तो सांगतो की आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधायची सक्ती असते तसंच हे. पुस्तक येण्याआधी, १७७२ मध्ये, स्कॉटलंडची एअर बँक बुडालेली त्याने बघितली होती. रस्ते, पूल, गरिबांच्या मुलांना शिक्षण, यातही सरकारने पडावं म्हणतो.

सरकारी बंधनांवर तो चिडायचा, हे मेसेजमधलं अर्धं खरं आहे. फक्त ज्या आयातबंदी आणि मक्तेदाऱ्यांवर तो तुटून पडतो त्यातल्या बऱ्याचशा व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनीच पार्लमेंटच्या मागे लागून पदरात पाडून घेतलेल्या होत्या.