ऑक्सिमीटरला रंग कळतो

काल कट्ट्यावर वाद पेटला तो पक्याच्या एका वाक्यावरून. "कोरोनाने एक बरं केलं. गरीब-श्रीमंत, गोरा-काळा, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं."

"कुठली रांग?" स्नेहलचा आवाज चढला. ती लॅबमध्ये काम करते, त्या दोन वर्षांत तिने स्वॅब घेता घेता काय काय पाहिलंय. "एप्रिल २०२० मध्ये शिकागोचे आकडे आले होते. शहरात काळे लोक ३० टक्के, कोरोनाने गेलेल्यांत जवळपास ७० टक्के."

पक्या म्हणाला, "त्यांच्यात डायबेटिस, बीपी जास्त. रक्तातच असेल काहीतरी."

'रक्तातच' ऐकून मला राहवेना. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ घे, म्हटलं. मुंबईत तेव्हा मृत्यूंची नोंद जात-धर्मवार ठेवली जायची. हजारामागे युरोपियन ८, पारशी ९, हिंदूंमधल्या ज्या जातींना तेव्हा खालच्या म्हणत त्या ६१, आणि बाकीचे हिंदू १९. शहर एक, हवा एक, साथ एक. "या दोन्ही हिंदूंच्या रक्तात तिपटीचा फरक होता का रे?"

पक्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "खोल्यांचा होता. आणि खाण्याचा."

मग शिकागोतही तेच की. बस चालवणारा, दुकानात माल लावणारा, मांसाच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून उभा राहणारा घरून काम कसं करणार? विमा नाही, म्हणून माणूस दुखणं अंगावर काढतो. आणि ज्या डायबेटिसचं नाव पक्या घेत होता, तोही बराचसा याच जगण्यातून येतो.

नितीन इतका वेळ ऐकत होता. "पण एकदा हॉस्पिटलात पोचल्यावर तरी सगळे सारखेच ना?"

स्नेहलने स्वतःचं बोट वर केलं. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतो, आणि त्यातला किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. त्वचेला गडद रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात हे मोजून छापलं. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांत ४ टक्क्यांहून कमी वेळा झालं, काळ्या रुग्णांत जवळपास १२ टक्के वेळा.

"म्हणजे धाप लागलेल्या माणसाला 'आकडा ठीक आहे' म्हणून घरी पाठवायचं," ती म्हणाली. "ऑक्सिजन, औषधं, बेड, सगळं त्या आकड्यावरच ठरत होतं."

मला हेच सगळ्यात जास्त लागलं. कामाची, घराची विषमता निदान डोळ्यांना दिसते. इथे ती मोजमापातच शिरलेली, आणि मोजणाऱ्या डॉक्टरच्या मनात काही वाईट नसतानाही. बरं, त्वचेच्या रंगाने या यंत्राचा आकडा चुकतो, हे साथीच्या आधीच प्रसिद्ध झालेलं होतं.

पक्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. दुसऱ्या लाटेत त्याच्या घरी रात्री दर दोन तासांनी आईच्या बोटाला ते यंत्र लावलं जायचं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. वर्णाने त्या सावळ्याच.

"आपण आणलं होतं ते कुणाच्या बोटांवर तपासलं असेल?" त्याने विचारलं.

"मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर ते लिहिलेलं नव्हतं," स्नेहल म्हणाली.