मामांचा शनिवार आणि मलाक्काची आंटी

क्वालालंपूरला राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे येतात ते जुळे मनोरे आणि मलाक्का पाहायला. मनोऱ्यांचं सोपं आहे : मान वर करा, फोटो काढा, घरी या. मलाक्काला मात्र दीडशे किलोमीटर गाडी हाकून जेवावं लागतं. त्यात सुट्टी मिळते शनिवारी, आणि माझे अलिबागचे मामा शनिवारी मासे-मटण खात नाहीत. मारुतीचा वार. मामींना मात्र सगळे वार सारखेच.

मलाक्काच्या बंदरात आलेले चिनी व्यापारी काही शतकांपूर्वी तिथेच रमले, स्थानिक बायका करून संसाराला लागले. त्यांच्या वंशातले पुरुष ते बाबा आणि बायका न्योन्या. चूल न्योन्यांच्या हाती, त्यामुळे चिनी कढईत नारळाचं दूध, चिंच, गवती चहा आणि बलाचान आलं. बलाचान म्हणजे मिठात आंबवून, कुटून, उन्हात वाळवलेल्या जवळ्याची वडी. एका घरात भाजली की अख्ख्या आळीला कळतं.

हॉटेल म्हणजे त्यांचं घरच. लांबलचक, मध्ये उघडा चौक, भिंतीवर पूर्वज, काचेच्या कपाटात मण्यांचं भरतकाम केलेल्या सपाता. गल्ल्यावर आजोबा, ऑर्डर घ्यायला नात, आत सून, आणि या सगळ्यांवर आंटी. मेन्यूकार्ड असतं, पण ते शोभेचं. आंटी गिऱ्हाइकाचं तोंड बघून काय वाढायचं ते ठरवते.

‘‘यांना आज मांस-मच्छी चालत नाही,’’ मी सांगितलं.

‘‘कॅन, कॅन! व्हेजिटेबल!’’

नाळीची भाजी आली. मामांचा घास हवेतच थांबला, नाकपुड्या फुलल्या. ‘‘अरे, यात जवळा आहे!’’ अलिबागच्या नाकाला कोण फसवणार? भाजी परत गेली, कोबी-मशरूमची आली. तिच्यात सुके सोडे. मग वांगी. वांग्यांवर मिरचीचा संबल, संबलात पुन्हा बलाचान. आंटीच्या हिशेबात कोळंबी भाजीतच मोडते.

मामा भुकेनं शास्त्रार्थाला लागले. ‘‘जवळा म्हणजे तसा मिठासारखाच की. मीठसुद्धा समुद्रातलंच.’’

‘‘मग पापलेट कुठलं हो?’’ मामी म्हणाल्या.

मामींपुढे तोवर बुआह केलुआक घातलेली कोंबडी आली होती. चिंचेच्या काळपट रश्शात सुपारीहून चांगल्या मोठ्या, टणक काळ्या बिया. बी बोटांत घट्ट धरायची, वरच्या फटीतून इवलासा चमचा घालायचा आणि आतला डांबरासारखा काळा गर खरवडायचा. बी सटकते, रस्सा मनगटावरून कोपराकडे निघतो आणि चमच्यावर येतो वाटाण्याएवढा गर. कडसर, तेलकट, थोडा कोकोच्या वळणाचा. मामी तो भाताला चोळून डोळे मिटून खात होत्या.

आंटी कौतुकानं माहिती पुरवत होती : कच्च्या बीत सायनाइड असतं, म्हणून ती उकडून 40 दिवस राखेत पुरतात, मग घरी कितीतरी दिवस पाणी बदलत भिजवतात. मी भाषांतर केलं.

‘‘बघ, मारुतीनं वाचवलं,’’ मामा म्हणाले. पण नजर बीवरून हलेना. पोटाला आधार मिळाला तो शेवटी पुलुत इंतीचा. गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला चिकट भात आणि वर माडाच्या गुळातलं ओलं खोबरं. थेट मोदकाचं सारण. मामांनी आणखी मागितलं. ‘‘फिनिश!’’ आंटी म्हणाली. सकाळी केलेलं दुपारपर्यंत उडतं, आणि मामा पोचले होते दुपारी.

मामांनी घड्याळ पाहिलं.

‘‘इथली वेळ आपल्यापुढे ना रे?’’

‘‘अडीच तास.’’

‘‘म्हणजे रविवार लवकर लागतो.’’ खाली मान घालून त्यांनी कोंबडीची एक प्लेट बांधून द्यायला सांगितली.

आंटीनं डबा भरला. वर प्रेमानं आणखी एक पुडा ठेवला, पैसे न घेता. नाळीची भाजी. ‘‘फॉर व्हेजिटेरियन अंकल.’’